मला भीती शिकवणारी माणसं

मी मगर बोलतेय. लुइझियानातल्या दलदलीत, न्यू ऑर्लिन्स शहराच्या कडेला माझं आयुष्य गेलं. लांबी आठ फूट, दात ऐंशीच्या आसपास. पडतात, पुन्हा येतात, त्यामुळे नक्की आकडा मलाही सांगता येणार नाही.

माझ्याबद्दल लोकांनी बरंच काही बोलून ठेवलंय. कुणी मला दुष्ट म्हटलं, कुणी गरीब बिचारी. मी दोन्ही नाही. मला भूक लागते, ऊन लागतं, थंडीत अंग जड होतं. याच्या पलीकडे माझ्यात फारसं काही नाही. तरी जे घडलं ते मी पाहिलंय आणि ऐकलंय. पाण्याकाठी आली की माणसं मोठ्यानं बोलतात. पाण्यात कुणी ऐकत असेल असं त्यांच्या मनातही येत नाही.

माझा जन्म घरट्यात झाला नाही. आईनं गवत-चिखलाचा ढीग करून त्यात अंडी घातली होती, पण मी अंड्यात असतानाच अल्सीड वेर्दां नावाच्या माणसानं ती काढून नेली. तो आणि त्याचा साथीदार सपाट होडीतून आले. साथीदारानं लांब काठीनं आईला अडवून धरलं. अल्सीडनं ढीग उकरला आणि प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली. अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू मरतं, म्हणून. हे मला पुष्कळ वर्षांनी त्याच्याच तोंडून कळलं.

अल्सीडच्या मगरी वाढवायच्या शेडमध्ये आमची पेटी कमी उबेच्या बाजूला ठेवली होती, म्हणून आम्ही सगळ्या माद्या निघालो. पलीकडच्या गरम बाजूचे सगळे नर. आमच्यात असंच असतं. नर की मादी हे कुणी ठरवत नाही, पेटी कुठे ठेवली त्यावर ते ठरतं.

दोन वर्षं मी त्या शेडमध्ये होते. अंधार, कोमट पाणी, ठरलेल्या वेळी गोळ्यांचं खाणं. आमच्या कातड्यांचे पट्टे आणि पाकिटं होत. पण जेवढी अंडी उचलली, त्यातला काही हिस्सा परत दलदलीत सोडायचा असा सरकारचा नियम होता. एके दिवशी अल्सीड शेडमध्ये आला आणि हाताला लागतील त्या उचलू लागला. मी दारापाशी होते. आणखी आत असते, तर आज बोलत नसते.

सोडण्याआधी त्यानं माझ्या शेपटीवरचे दोन खवले कापले. खूण म्हणून. मग मला बायू कॅनार्डमध्ये सोडलं.

बायू म्हणजे आमच्याकडची संथ नदी. पाणी चहासारखं काळपट, वाहतं की थांबलंय ते पटकन कळत नाही. एका काठाला सायप्रसची झाडं, दुसऱ्या काठाला शहराचं शेवटचं टोक. त्या काठावर माणसं मासे धरायला बसत. त्यातली एकच कायमची होती. मिस वेल्मा आंतवान.

ती शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली म्हातारी होती. रोज सकाळी यायची, बादली उपडी घालून तिच्यावर बसायची आणि गळाला कोळंबी लावायची. धरलेले मासे एका दोरीत ओवून ती दोरी मनगटाला बांधायची आणि मासे पाण्यात सोडायची, म्हणजे ताजे राहतात. मी समोरच्या काठावर ऊन खात असे. सोळा वर्षं आम्ही एकमेकींना असं पाहत होतो. कधी मी जास्तच जवळ आले, तर ती बादली वाजवायची. मी मागे व्हायचे.

"बये, तुझी बाजू ती," ती म्हणायची. "माझी ही. देवानं बायू रुंद केलाय तो उगीच नाही."

एका उन्हाळ्यात माझी पिल्लं निघाली. मी ती तोंडात धरून एकेक पाण्यात नेली. चौतीस होती. बगळ्यांनी खाल्ली, मोठ्या माशांनी खाल्ली, एक आमच्यातल्याच नरानं खाल्लं. थंडी आली तेव्हा चार उरली होती. मिस वेल्मा काठावरून रोज मोजायची.

"चार म्हणजे काही वाईट नाही," शेवटी ती म्हणाली. "मला सहा झाली. तीन राहिली. आणि माझ्याकडे तर बगळेसुद्धा नव्हते."

ती हे मला सांगत होती की स्वतःला, ते कळलं नाही. मी पाण्यात उतरले.

पुढे शहर सरकलं. मिस वेल्माच्या बाजूला, वळणापलीकडे, नवी घरं उभी राहिली. प्रत्येक घरामागे पाण्यात शिरलेला लाकडी धक्का. त्यातल्या एका घरात डॉक्टर वॉरन प्रेस्कॉट आणि त्यांची बायको लॉरेन राहायला आले. उत्तरेकडच्या ओहायोहून. ते दातांचे डॉक्टर होते, निवृत्त झालेले. दोघं संध्याकाळी धक्क्यावर खुर्च्या टाकून बसत. ती बोलत असे, ते हसत असत. दुसऱ्या वर्षी एकच खुर्ची दिसू लागली.

लॉरेन वारली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी डॉक्टरांकडे डबे पाठवले. इथली रीतच आहे. घरात कुणी गेलं की लोक आधी जेवण घेऊन येतात, मग काय बोलायचं ते सुचतं. कुणी भात-राजमा आणला, कुणी भाजलेली कोंबडी. एका माणसाला दहा घरचं जेवण संपेना. चौथ्या दिवशी डॉक्टर एक भांडं घेऊन धक्क्यावर आले, बराच वेळ उभे राहिले आणि कोंबडीचा तुकडा पाण्यात टाकला.

मी जवळच होते. मी तो खाल्ला.

डॉक्टर खाली वाकून म्हणाले, "अरे! तुला आवडलं वाटतं."

त्यांनी दुसरा टाकला. मग सगळं भांडंच रिकामं केलं. मी तोंड उघडलं तेव्हा ते डोळे बारीक करून आत बघत होते. "एकसुद्धा किडलेला नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असं तोंड पाहिलं नाही."

चार दिवसांनी डबे संपले. मग ते दुकानातून कोंबडी आणू लागले. माझं नाव त्यांनी ग्लोरिया ठेवलं. धक्क्यावर पावलं वाजली, "ग्लोरिया" अशी हाक आली की मी जायचे. ते खायला टाकायचे आणि बोलायचे. लॉरेनला इथली हवा कशी मानवली नाही, मुलगा फोनवर घाईत कसा असतो, रात्री घरातले कुठले कुठले आवाज येतात. मला ते बोलणं नको होतं, कोंबडी हवी होती. डॉक्टरांना बहुतेक ते ठाऊक होतं. पण बोलायला समोर कुणीतरी लागतं, आणि मी मधेच उठून जात नव्हते.

दीड वर्ष असं चाललं. त्या दीड वर्षात माझ्यात एक बदल झाला. पूर्वी काठावर पावलं वाजली की मी दूर व्हायचे. आता जवळ जायचे. पावलं म्हणजे खाणं. पावलं कुणाची, हा प्रश्न माझ्या डोक्यात मावत नाही.

मार्चमधली सकाळ होती. थंडी संपत आली होती, मला खूप भूक होती. मिस वेल्मा नेहमीच्या जागी आली, बादली उपडी घातली. मी काठाशी गेले. तिनं बादलीवर हात मारून आवाज केला. मी गेले नाही. मग ती मासे पाण्यात सोडायला वाकली, मनगटाला दोरी बांधलेली होती. मी झेप घेतली.

मासे आणि हात एकदमच माझ्या तोंडात आले. ती पाण्यात ओढली गेली. तिनं दुसऱ्या हातानं बादली माझ्या डोक्यात घातली, एकदा, दोनदा, आणि ओरडली ती भीतीनं नाही, रागानं. "सोड! सोड, हलकट!"

मी सोडलं. दया म्हणून नाही. दोरी तुटली आणि मासे माझ्याकडे राहिले, एवढंच. ती हातापायांवर चिखलातून वर गेली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तक्रार तिनं केली नाही. ती दवाखान्यात होती. तक्रार केली डॉक्टर प्रेस्कॉटनी. धक्क्यावर उभं राहून त्यांनी फोन लावला. "बायूमध्ये एक धोकादायक मगर आहे," ते म्हणाले. "नाही, इथे तिला कुणीही खायला घालत नाही. माझ्या माहितीत तरी नाही."

सरकारनं अशा मगरी पकडायला परवानाधारक शिकारी नेमलेले असतात. आमच्या भागाचा शिकारी होता अल्सीड वेर्दां. आता त्याचे केस पांढरे झाले होते. चार फुटांहून लांब मगर माणसाच्या वाटेला गेली, तर ती मारायची, हा त्याच्या कामाचा नियम.

तो डॉक्टरांच्या धक्क्यावर आला. हातात काठीला लावलेला फास, पाठीला बंदूक. गळ लावावा लागेल, दोन दिवस वाट पाहावी लागेल, असं तो म्हणत होता. पण धक्क्यावर पावलं वाजली होती. मी सरळ पोहत गेले आणि त्याच्या बुटांखाली येऊन तोंड उघडलं.

अल्सीडनं माझ्या गळ्यात फास टाकला, जबडा चिकटपट्टीनं बांधला आणि मला काठावर ओढलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

"डॉक्टर," तो म्हणाला, "रानातली मगर अशी ताटावर बसल्यासारखी येत नाही. कोण खायला घालतं हिला?"

डॉक्टरांनी धक्क्यावरची खुर्ची सरळ केली.

अल्सीडनं माझ्या शेपटीवरून हात फिरवला, कापलेल्या खवल्यांशी थांबला. "ही तर माझ्याच हातची. अंड्यातून काढली, वाढवली, मीच आणून सोडली. आता मीच मारायची." त्यानं बंदूक पाठीवरून काढली.

तेवढ्यात घराच्या बाजूनं मिस वेल्मा आली. हात गळ्यात बांधलेला, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात शाळेतला जुना बूट. चप्पल घातलेल्या पायालाही चिखलात पडताना लागलं होतं.

"थांब अल्सीड."

"मिस वेल्मा, तुम्ही घरी पडून राहायचं सोडून इथे कशाला?"

"हात माझा खाल्लाय ना? मग मला बोलू दे." ती डॉक्टरांकडे वळली. "सोळा वर्षं ही बया माझ्यासमोर होती. बादली वाजवली की जायची. मग यंदाच हिला काय झालं? मी वळणापलीकडे बसते म्हणून मला दिसत नाही असं वाटलं का तुम्हाला? 'ग्लोरिया, ग्लोरिया' ऐकू येतं मला. मला वाटलं तुमच्याकडे पाहुणी आली असेल."

डॉक्टर धक्क्याच्या कठड्यावर बसले.

"मी घालत होतो," ते म्हणाले. "कोंबडी. दीड वर्ष. आणि फोनवर मी खोटं बोललो."

पलीकडे एक कासव पाण्यात पडल्याचा आवाज तेवढा झाला.

"दंड होईल," अल्सीड म्हणाला.

"होऊ दे. मी लिहून देतो." मग डॉक्टर मिस वेल्माकडे न बघता म्हणाले, "तुमचा हात..."

"माझ्या हाताचं नंतर बघू. अल्सीड, तू हिला मारणार. मग?"

"मग काय? खायला घातलेली मगर परत रानटी होत नाही, मिस वेल्मा. आज तुमची बोटं गेली, उद्या एखादं पोर जाईल. मला हौस नाही."

"आणि ही मेली की डॉक्टर काय करतील? दुसरीला घालतील. मगरी संपायच्या नाहीत आणि यांचं एकटेपणही संपायचं नाही." ती श्वास घ्यायला थांबली. "माझी बोटं काही परत उगवणार नाहीत. निदान त्यातून कुणीतरी काहीतरी शिकू दे. यांनी हिला शिकवलं ना? हेच विसरायला लावतील."

"ते कसं?"

"मला काय विचारतोस? मगरीचा धंदा तुझा."

अल्सीडनं टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. मग म्हणाला, पूर अडवणाऱ्या बांधापलीकडे, समुद्राच्या बाजूला त्याची भाडेपट्ट्याची दलदल आहे. तिथे घर नाही, धक्का नाही. कागदावर 'हलवली' असं लिहिता येईल. "पण एक सांगतो. ही माणसाच्या होडीजवळ जात राहिली, तर मी गोळी घालीन. तेव्हा कुणाचं ऐकणार नाही. तुमचंसुद्धा."

"कबूल," मिस वेल्मा म्हणाली.

असं माझं आयुष्य तिघांनी आपापसात बोलून ठरवलं. मी चिकटपट्टीतून श्वास घेत पडले होते.

पुढच्या शनिवारी ते तिघं सपाट होडीतून माझ्या नव्या दलदलीत आले. अल्सीड होडी चालवत होता. मिस वेल्मा मध्ये बसली होती. डॉक्टर पुढे उभे होते आणि त्यांच्या हातात लांब वेळूची काठी होती. बंदूक अल्सीडच्या पायाशी.

"हाक मारा," मिस वेल्मा म्हणाली.

"ग्लोरिया," डॉक्टर म्हणाले.

मी गेले. होडीशी जाऊन तोंड वर केलं.

"मारा."

डॉक्टरांनी काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "ती माझ्याकडे बघतेय."

"बघणारच. तुम्ही बोलावलंत. डॉक्टर, पोरांचे दात उपटायचात तेव्हा पोरं हसायची का?"

त्यांनी काठी माझ्या नाकावर टेकवली. मला ते कळलंसुद्धा नाही.

"माशी हाकलताय काय?" मिस वेल्मा म्हणाली. "अल्सीड, बंदूक दे इकडे. काठीनं जमत नसेल तर डॉक्टरांना ती तरी जमेल."

मग त्यांनी मारलं. नाकाच्या टोकावर, आमची कातडी सगळ्यात हळवी असते तिथे. मी पाण्याखाली गेले. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली आणि मी पुन्हा वर आले. त्यांनी पुन्हा मारलं. त्या सकाळी पाच वेळा हाक आली, पाचही वेळा मी गेले.

तुमच्या भाषेत नक्राश्रू असा शब्द आहे म्हणतात. खोट्या रडण्याला. मी त्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी बघत होते. रडत होते ते डॉक्टर, आणि ते रडणं खोटं होतं असं मला तरी वाटलं नाही. मिस वेल्मानं त्यांना रडू दिलं, पण काठी खाली ठेवू दिली नाही. शेवटी त्यांचा हात चालेना, तेव्हा तिनं आपल्या चांगल्या हातानं काठी घेतली आणि स्वतः एक तडाखा हाणला. तो सगळ्यात जोरात बसला.

"हा माझ्या बोटांचा," ती म्हणाली. "आता झालं. आता माझ्या मनात काही नाही."

दुसऱ्या शनिवारी मी चार वेळा गेले. तिसऱ्या शनिवारी दोनदा. चौथ्या शनिवारी मी होडीपासून थोड्या अंतरावर थांबले, तेव्हा डॉक्टरांनी कोंबडीचा तुकडा पाण्यात टाकला. मी पुढे झाले, घास घेतला आणि मार खाल्ला. त्यानंतर मला कोंबडीच्या वासानंही नाक दुखल्यासारखं होऊ लागलं. पाचव्या शनिवारी मी डोळेच तेवढे वर ठेवले. सहाव्या शनिवारी होडीचा आवाज ऐकूनच काठच्या लव्हाळ्यात शिरले.

सातव्या शनिवारी मी तळाशी होते. वर होडीची सावली उभी होती. डॉक्टर हाका मारत होते. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसतं नाव घेतल्यासारखं. आम्ही तासभर श्वास रोखू शकतो. मी तासभर रोखला.

"संपलं," अल्सीडचा आवाज आला. "रानटी झाली."

डॉक्टरांनी काठी होडीत आडवी ठेवली. मिस वेल्मा म्हणाली, "बसा, डॉक्टर. पाय दुखले असतील तुमचे." आणि सावली सरकली.

त्यानंतर ते दोघं दलदलीत आले नाहीत. अल्सीड मात्र येतो, अंड्यांच्या मोसमात. सोबतच्या माणसाशी बोलत असतो, म्हणून मला बातम्या कळतात. मिस वेल्मा पुन्हा बायूकाठी बसू लागली. तीन बोटांनी तिला गळाला कोळंबी लावता येत नाही. डॉक्टर शेजारी दुसरी बादली उपडी घालून बसतात आणि लावून देतात. दातांत धागा ओवायची सवय असलेले हात आहेत, सुरेख लावतात म्हणे. ती त्यांना अजूनही टोमणे मारते. गेल्या वर्षी तिनं त्यांना गंबो, म्हणजे इथलं दाट कालवण, करायला शिकवलं, आणि त्यांनी त्यासाठी भाजायचं पीठ जाळलं, तेव्हा आख्ख्या काठाला तिचा आवाज ऐकू गेला.

मला यात आनंद वाटतो का? खरं सांगायचं तर, मला तसं काही वाटत नाही. मी ऐकते आणि तळाशी जाते.

आता मी म्हातारी झालेय. पडलेले दात उशिरा येतात. खेकडे मिळतात, कधी एखादा न्यूट्रिया मिळतो. तो म्हणजे मोठा, नारिंगी दातांचा पाणउंदीर. थंडीत बिळात पडून राहते. माझ्या अंगावर चढून बगळा बसतो तेव्हा मी हलत नाही. शहराचे दिवे इथून दिसत नाहीत.

तुमच्याकडे काही मागायचं तर एकच. आम्हाला काही देऊ नका. तुकडा नको, नाव नको. दलदल आम्हाला पोटापुरतं देते. तुम्ही एकटे असाल, तर तुमच्यासारख्याच कुणाजवळ जाऊन बसा. त्याला शब्द कळतात.

आणि कधी या बाजूला आलात, बराच वेळ पाण्याकडे बघत थांबलात आणि मी दिसले नाही, तर मी मेले असं समजू नका. मी तुमच्या खालीच असेन, श्वास रोखून. होडी वळवा आणि सावकाश जा. म्हणजे मला वर येता येईल.